दोन गावांमधली सांध

बैठकीतला चहा चांगला असायचा, एवढं आधीच कबूल करून टाकते. आलं घातलेला, दाट, सोबत बिस्किटांची बशी. बाकी त्या बैठकांमधून माझ्या गावाला आणि माझ्या जाऊबाईला जे मिळालं ते आठवलं की अजून डोकं तापतं. घरचे म्हणतात, जाऊ दे, झालं ते झालं. पण झालं काय? काहीच झालं नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

मी आमच्या गावची सरपंच. गाव धानाचं आणि तलावाचं, गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शहराला लागून. लागून म्हणजे आता अगदी चिकटून. मी लग्न होऊन आले तेव्हा शहर आणि गाव यांच्यामध्ये नुसत्या धानाच्या बांध्या होत्या. बाजाराला निघालं की सासूबाई सतरा कामं सांगायच्या, कारण परत शहरात जाणं कधी होईल त्याचा नेम नसे. आता शहराची शेवटची दुकानं कुठं संपतात आणि आमचा पानठेला कुठं सुरू होतो, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही कळत नाही. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याचं आणि फुलचूरचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. गोंदियाला पाहुण्यांकडे गेलो की दरवेळी तिकडे एक शेत कमी आणि एक गल्ली जास्त. तेच आमच्याकडेही आलं, फक्त जरा उशिरा आलं.

आधी एक ले-आउट पडला. मग दुसरा. शेतात मुरुमाचे रस्ते, चौकोनी दगड, कमानीवर रंगीत पाटी. प्लॉट घेणारे बहुतेक बाहेरचे. तारा ओढून गेले ते परत फिरकले नाहीत. किंमत वाढली की विकू, असा हिशेब. आमच्या हद्दीतल्या ले-आउटमध्ये घर बांधून खरोखर राहायला गेलेली पहिली बाई म्हणजे माझी मोठी जाऊ.

तिची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. माझे मोठे दीर लवकर गेले. जाऊबाई अंगणवाडीत सेविका होती. सगळी नोकरी तिने आजूबाजूच्या गावांत केली, लोकांची लेकरं सांभाळली, एक मुलगी शिकवली, तिचं आमगावला लग्न करून दिलं. राहायला आमच्याच घरात, मागच्या एका खोलीत. त्या खोलीतूनच धानाच्या कोठीकडे जायची वाट. म्हणजे कुणीही उठावं आणि तिच्या अंथरुणावरून ओलांडून जावं. तिने कधी तोंड उघडलं नाही. सेवानिवृत्त झाली आणि एक दिवस मला म्हणाली, "मी पलाट घेतला वो." मी चाटच पडले. विचारलं, एकटी कशी राहशील? तर म्हणते, "तीच तं गंमत हाय. माह्या दाराले माही कडी पायजे. मी लावीन तेव्हा लागंल."

दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. वास्तूला तिने अंगणवाडीच्या जुन्या लेकरांना बोलावलं. ती लेकरं आता स्वतःची लेकरं घेऊन आली. त्या दिवशी मी तिला जितकं हसताना पाहिलं तितकं आधी कधीच नाही. मुलगी आमगावला ये म्हणून मागे लागली होती, तिला तिने सरळ सांगितलं, "पोरीच्या घरी चार दिस पाहुनी बरी. पाचव्या दिवशी जावई पेपर उचलून बाहीर बसते." तिचं घर आमच्या हद्दीच्या अगदी टोकाला. त्यापुढे दुसऱ्या गावाची हद्द.

आणि पाणी नेमकं तिथंच यायला लागलं.

त्याचं कारण कळायला इंजिनिअर लागत नाही. शहर वर, आम्ही मध्ये, शेजारचं गाव खाली, त्याच्या पलीकडे नदी. पूर्वी शहरावर पडलेला पाऊस वाटेतल्या बांध्यांमध्ये जिरायचा, उरलेला हळूहळू खाली सरकायचा. आता वाटेत डांबर आणि सिमेंट. पाणी शहरातून निघतं ते थेट आमच्याकडे धावत येतं. पहिल्या वर्षी जाऊबाईच्या ओट्याला लागलं. दुसऱ्या वर्षी उंबरा ओलांडून आत आलं.

मी शहराच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी फार अदबीने खुर्ची दिली आणि म्हणाले, "मॅडम, आप सही बोल रही हो, लेकिन वो हमारी हद में नहीं आता." मी म्हटलं, घर नाही येत हो तुमच्या हद्दीत, पाणी तर तुमच्याच हद्दीतून येतं ना? त्यावर ते हसले. खालच्या गावच्या सरपंचाकडे गेले तर तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या ले-आउटचं पानी मी कायले घेऊ?" त्याचंही खोटं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या हद्दीच्या दगडापर्यंत बरोबर होता. पाण्याला तेवढे ते दगड दिसत नव्हते.

मग संयुक्त समिती निघाली. शहर आणि कडेची गावं यांनी मिळून वाढत्या वस्तीचं नियोजन करायचं, रस्ते, नाल्या, पाणी, सगळं एकत्र बसून ठरवायचं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पहिल्या बैठकीला मी इस्त्रीची साडी नेसून गेले. वाटलं, चला, आता हद्दीचं रडगाणं संपलं. शहराचे साहेब, खालच्या गावचा सरपंच, आणखी दोन-तीन गावांची मंडळी आणि मी, एका टेबलाभोवती बसलो. नालीचा विषय मी मांडला. आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी मान्य केला. शहरापासून नदीपर्यंत एकच सलग नाली. शहराने आपली बांधायची, आम्ही आमची, खालच्या गावाने त्यांची.

आणि तिथंच माशी शिंकली. तीही कुणाच्या खोटेपणामुळे नाही, आमच्या चांगुलपणामुळे.

आमच्या दोन गावांमध्ये एक जुनी रीत आहे. दोन्ही गावं एकाच तलावाची. तलाव आमच्या डोक्याशी, त्याचा पाट आमच्या शेतांतून खालच्या गावाच्या शेतांत जातो. उन्हाळ्यात पाट उपसायचा असतो, तेव्हा प्रत्येक गाव आपापला भाग उपसतं. पण हद्दीपाशी बैलगाडीभर लांबीचा तुकडा दोन्हीकडून न खोदता सोडून द्यायचा. त्याला आम्ही सांध म्हणतो. खालच्या गावाने आपला पाट शेवटच्या बांधीपर्यंत साफ केला की ते वरच्या गावाला निरोप पाठवतात. मग दोन्ही गावांची माणसं फावडी घेऊन सांधेवर जमतात, समोरासमोर उभी राहून ती मोकळी करतात, आणि मग आंबील पिऊन घरी जातात. निरोप आल्याशिवाय वरच्या गावाने सांधेला हात लावायचा नाही. लावला तर तो मोठा अपमान. कारण खालची वाट साफ नसताना पाणी सोडलं तर खालच्याचे पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, बुडतात. वरच्याने खालच्याला विचारल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. या सांधेवर किती सोयरिकी जुळल्या असतील देव जाणे. माझ्या नणंदेची तिथंच जुळली.

तर बैठकीत खालच्या गावचा सरपंच उठला. धिप्पाड माणूस, आवाज तलावाच्या पाळीवरून घरी ऐकू यावा असा. म्हणाला, "आमच्या तोंडाशी सडकेखालून पानी जायले मोरी बनवाची हाय. ते झाल्याबिगर पानी आलं तं आमचं गाव बुडते. तवा आपली सांध ठेवा. मोरी झाली का मी सोता निरोप पाठवतो. मंग मिळून फोडू." आमच्या बाजूच्या लोकांनी माना डोलावल्या. मीही. आमच्या रक्तातच आहे ते, नाही कोण म्हणणार? शहराच्या साहेबांनी विचारलं, ये सांध क्या होता है? कुणीतरी समजावलं. साहेब एकदम खूश. "बहुत बढिया! यही तो लोकसहभाग है!" त्यांनी सगळ्यांना उभं करून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. मी त्यात डोळे मिटलेली आहे.

शहराने नाली बांधायला घेतली. वरून. सिमेंटची, रुंद, सरळ, बघत राहावं अशी. आमच्या हद्दीच्या दगडापर्यंत आली आणि चाकूने कापावी तशी थांबली. तिथून पुढे आमची. आम्हीही बांधली, सांध सोडून. खालच्या गावाने सांधेच्या पलीकडून सडकेपर्यंत बांधली. म्हणजे कागदावर सगळ्यांचं काम पूर्ण. मध्ये मातीचा एक ढेकळासारखा तुकडा, आणि त्याच्या वरच्या अंगाला जाऊबाईचं घर.

आता मोरी. सडक ज्या खात्याची होती, त्या खात्याची परवानगी लागणार. आणि ते खातं समितीत नव्हतं! मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, अहो, सगळ्यांनी मिळून नियोजन करायचं म्हणून समिती काढली, आणि ज्यांची सडक आडवी पडली आहे त्यांनाच बोलावलं नाही? साहेब म्हणाले, त्यांना पत्र पाठवलंय. पुढच्या बैठकीत म्हणाले, स्मरणपत्र पाठवलंय. त्याच्या पुढच्या बैठकीत त्या खात्याचा एक माणूस खरंच आला. मी मनात म्हटलं, आला बाबा एकदाचा. त्याने चहा घेतला, सगळं ऐकलं, आणि म्हणाला की तो नुसता हजेरी लावायला आला आहे, निर्णय वरून होईल. वरून म्हणजे कुठून, हे त्याला सांगता येईना. बशीतलं शेवटचं बिस्किट त्याने खाल्लं, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे.

खालच्या सरपंचाला मी भेटेल तिथं गाठायची. बाजारात, लग्नात, एकदा तर बँकेच्या रांगेत. "भाऊ, निरोप कधी?" तो बिचारा कानकोंडा व्हायचा. "वहिनी, मी बी चपला झिजवून राहिलो. मोरीच नाही तं कायचा निरोप पाठवू?" मी म्हणायची, मग समितीत ओरड ना माझ्यासारखा. तो म्हणायचा, "तुमी ओरडून राहिल्या, काय झालं?" यावर मी आणखी चिडायची.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की आपण सगळ्यांनी मिळून केवढी मोठी चूक केली. सांधेची रीत तलावाच्या पाटासाठी होती. तलावाला दार असतं. सांध बंद आहे तोवर वरचं दार बंद ठेवता येतं, पाणी शहाण्यासारखं तलावात थांबतं. शहराला दार कुठं आहे? पाऊस आला की शहर आपलं पाणी सोडणारच. त्याला कोण म्हणणार, खालून निरोप आला नाही, थांब? आम्ही तलावाच्या माणसांनी शहराच्या नालीवर तलावाची माया केली. दुसऱ्या कुठल्या गावाने असला तुकडा सोडलाच नसता. सरळ फोडून मोकळं झालं असतं, मग खालच्याचं काय व्हायचं ते होवो.

मी बैठकीत हे बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, सांध का प्रस्ताव तो आप ही लोगों का था." मी म्हटलं, मग वरून येणारं पाणी तुमच्याकडे अडवा, कुठं खड्डा करा, वळवा. तर म्हणाले, त्याला जागा लागेल, शहरात जागा नाही. जागा नाही कारण प्रत्येक जागेवर त्यांनीच बांधायला परवानगी दिली होती. हे मात्र मी बोलले नाही. म्हणजे बोलले, पण तोवर माइक दुसरीकडे गेला होता.

त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी पाऊस लागला. बैल सजवून झाले होते, तोरणाखाली उभे करायचे होते, आणि आभाळ असं फाटलं की कुणाला बाहेर पाऊल टाकवेना. दुपारी जाऊबाईचा फोन आला. आवाज शांत. "काई नाही वो, पानी आलं. खाटेवर बसली हाव." मी आणि घरचे पावसात तसेच निघालो. ले-आउटमध्ये पोचलो तर रस्ता दिसत नव्हता. शहराची नाली ओसंडून वाहत होती, ते पाणी आमच्या नालीतून सांधेला येऊन थडकत होतं आणि तिथून मागे फिरून घरात शिरत होतं. जाऊबाई खाटेवर पाय वर घेऊन बसलेली. खाली गुडघाभर गढूळ पाणी. त्यात शहराची घाण, पिशव्या, काय नाही ते. पोळ्यासाठी केलेल्या करंज्यांचा डबा तिने मांडीवर घेतला होता.

मी तिथूनच गावात फोन केले. माणसं आली, फावडी घेऊन आली. आमच्या गावात भांडणं पुष्कळ आहेत, पण त्या दिवशी एकाने मागचं काढलं नाही. आम्ही सांधेवर उभे राहिलो. मी म्हटलं, फोडा.

कुणी फावडं उचलेना. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण हळूच म्हणाला, "निरोप नाही आला ना, बाई." मी किंचाळलेच. कसला निरोप? माणूस बुडून राहिला इथं! तेवढ्यात सांधेच्या पलीकडे खालच्या गावची माणसं दिसली. त्यांनाही कुणीतरी कळवलं होतं. पुढे त्यांचा सरपंच, डोक्यावर पोत्याची खोळ. त्याने हात जोडले. एवढा मोठा माणूस, माझ्यासमोर हात जोडून चिखलात उभा. "वहिनी, एक घाव नका मारू. मोरी नाही झाली. हे पानी आलं तं जाईन कुठं? आमचं धान निसवून राहिलं, सडकेच्या अल्याडची घरं बी जातीन."

मी म्हटलं, "आणि हिचं घर?"

त्याने जोडलेले हात तसेच ठेवले. खरं सांगते, मी स्वतः फावडं घेतलं होतं. मारलंही असतं. माझ्यात तेव्हा रीतभात, सोयरसंबंध, काही उरलं नव्हतं. खालचं गाव बुडालं असतं तरी त्या क्षणी मला चाललं असतं, इतकी मी भडकले होते.

मागून जाऊबाई आली. पदर कमरेला खोचलेला, पाण्यातून एकेक पाऊल टाकत. तिने त्या सरपंचाकडे पाहिलं. तो लहानपणी तिच्या अंगणवाडीत होता, हे तेव्हा मला ठाऊकही नव्हतं. त्याने मान खाली घातली. तिने माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि बाजूला ठेवलं. "राहू दे वो. त्याहीच्या घरात लेकरं हायेत."

मी तिच्यावरच ओरडले. म्हटलं, तू नेहमी अशीच, सगळ्यांना वाट देत आली म्हणून सगळे तुझ्यावरूनच गेले. हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले. ती नुसती म्हणाली, "घरी चाल, थंडी वाजून राहिली."

आमच्या घरी ती दोन दिवस राहिली. त्या मागच्या खोलीत आता धानाची पोती होती, म्हणून तिला पुढच्या खोलीत सतरंजी टाकली. तिसऱ्या दिवशी तिचा जावई येऊन तिला आमगावला घेऊन गेला. गाडीत बसताना म्हणाली, पाणी उतरलं की येतेच. आणि जावयाला दिसणार नाही अशा बेताने मला डोळा मारला. मला हसूही येईना.

त्यानंतरच्या बैठकीला मी पूर्ण तयारीने गेले. पाण्याचे फोटो होते मोबाइलमध्ये. पण साहेब त्या दिवशी फार खुशीत. प्रोजेक्टरवर त्यांनी सगळ्या भागाचा नकाशा लावला, शहर आणि कडेची सगळी गावं एकत्र दाखवणारा. पहिलाच असा. रंगीत. येणाऱ्या काळात कुठं वस्ती, कुठं बाजार, कुठं मोठा रस्ता. बघायला सुंदरच होता, नाही म्हणत नाही. मी आमची हद्द शोधली. हद्दीच्या टोकाशी, सांधेच्या वरच्या अंगाला, एक निळा ठिपका होता.

मी विचारलं, हे काय?

साहेब म्हणाले, पावसाचं पाणी साठवायची जागा. "मॅडम, आप ही ने कहा था ना, पानी कहीं रोको. वहाँ पानी अपने आप रुकता है. खुदाई भी नहीं लगेगी." सगळी मंडळी कौतुकाने नकाशाकडे बघत होती. मी म्हटलं, अहो, तिथं घर आहे. ते म्हणाले, "लेकिन अब तो वहाँ कोई रहता नहीं." बाकीच्या प्लॉटवाल्यांना बदली जागा मिळणार म्हणून ते राजी होते. जाऊबाईलाही मिळेल म्हणे, आणखी पुढे, जिथं अजून ले-आउट पडायचा आहे तिथं. हरकत घ्यायला मुदत आहे, तेही सांगितलं. सगळं नियमाने. मग हात वर करायला सांगितलं. शहराचा वर, खालच्या गावचा वर, बाकीच्यांचे वर. खालच्या सरपंचाने हात वर करताना माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचं गाव आता बुडणार नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा विचार मला करायचा नाही.

इतक्या बैठका झाल्या, नालीनंतर सगळ्या हद्दींचं, माझी सोडून, एकमत झालेली ती पहिली गोष्ट. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. बरंच बोलले. इतिवृत्तात "सरपंच यांनी चिंता व्यक्त केली" एवढंच आलं आहे.

बैठक संपून लोक उठत होते तेव्हा माझा फोन वाजला. जाऊबाई. "काऊन वो, पानी उतरलं असंन ना आता? दिवाळीच्या आंधी येऊन चुना मारून घ्यावं म्हनलं. भिंती फुगल्या असतीन." मागे नातवाचा आवाज येत होता, टीव्हीचा आवाज येत होता. ती दार लावून बोलत नव्हती, तिथं तिला लावायला दार नव्हतं.

मग मला असा राग आला की मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, त्या घरात राहणारी बाई आहे. तुम्हीच सांगा तिला काय ठरलं ते.

साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग फोन कानाला लावला. "नमस्ते माताजी." पलीकडून ती काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत होतं ते नुसतं कुजबुजीसारखं. साहेब हसून म्हणाले, "हां हां, पानी उतर गया. आइए ना, आपका ही घर है." आणि फोन मला परत देऊन जिना उतरून गेले.

मी फोन कानाला लावला.

"साहेब भला मानूस दिसते वो," जाऊबाई म्हणाली. "कायले भांडत राहते तू त्याच्यासंग?"